आधी चार्जिंगची जागा द्या, मग खोलीत बंदी घाला

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठ परिसरांच्या व्यवस्थापनांनी वेळेवर लक्ष द्यावे असा एक विषय आपल्या वृत्तपत्रातून मांडावा, म्हणून हे लिहीत आहे. विद्यार्थ्यांच्या विजेवर चालणाऱ्या दुचाकी आवारात कोठे उभ्या करायच्या आणि कोठे चार्ज करायच्या, एवढाच हा विषय आहे. तो वरवर किरकोळ वाटतो. परंतु शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून उभी हयात घालवल्यामुळे, जळालेला प्लग पाहिला की मला तो किरकोळ वाटत नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याचे सामान पोहोचवण्यासाठी मी छत्रपती संभाजीनगरला एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेलो होतो. खोली दुसऱ्या मजल्यावर, तिघांची. दार उघडले तर ते पूर्ण उघडेना, कारण दारामागे लोखंडी पेटीवर दहा-बारा किलोची स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. चार्जर गादीच्या कडेवर ठेवलेला होता आणि त्याची वायर ज्या एक्स्टेंशन बोर्डात गेली होती त्याच बोर्डावर कूलर, लॅपटॉप आणि दोन मोबाइल चालू होते. सवयीने मी प्लगला बोट लावले आणि लगेच काढून घेतले. सॉकेटची पांढरी कड तपकिरी पडली होती. बॅटरी ज्याची होती तो बीड जिल्ह्यातला मुलगा दिवसा वर्ग करतो आणि संध्याकाळी घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवून महिन्याचा खर्च भागवतो. मी विचारल्यावर तो ओशाळून म्हणाला, "काका, खाली गेटवर पाटी लावली आहे, आवारात गाडी चार्ज केली तर पाचशे रुपये दंड. म्हणून बॅटरी काढून चादरीत गुंडाळतो आणि अंधार पडल्यावर वर आणतो."

पाटी मी उतरताना पाहिली. ती खरोखरच होती, आणि वाहनतळाच्या खांबांवरचे सॉकेट कोणी प्लग लावू नये म्हणून पत्र्याने झाकून टाकलेले होते. अधीक्षकांना भेटलो तेव्हा ते सौजन्याने बोलले. काही घडले तर जबाबदारी संस्थेवर येऊ नये, यासाठी व्यवस्थापनाने चार्जिंगला बंदी केली, असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती परिणामाबद्दल. ज्या बंदीमुळे उघड्या वाहनतळावर होणारे चार्जिंग तीन मुले झोपतात त्या खोलीत आणि तेही दाराच्या तोंडाशी गेले, त्या बंदीने धोका कमी न होता वाढला आहे.

दाराच्या तोंडाशी, हे मी मुद्दाम लिहिले. लिथियम आयन बॅटरीतील एखादा सेल आतून बिघडला किंवा प्रमाणाबाहेर तापला, तर त्यातील दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पातळ पडदा साधारण १३० अंश सेल्सियसच्या सुमारास वितळू लागतो, आत शॉर्ट होतो, त्या उष्णतेने शेजारचा सेल तापतो आणि मग ही साखळी बाहेरून सहजासहजी थांबवता येत नाही. तिला थर्मल रनअवे म्हणतात. आधी फुसफुस आवाज, मग पांढरट विषारी धूर आणि त्यानंतर, काही वेळा काही सेकंदांतच, ज्वाळा. खोलीला दार एक, खिडकीला गज आणि पेटलेली वस्तू त्या एकमेव दाराशी, अशा स्थितीत दुसऱ्या मजल्यावरची मुले कोठून बाहेर पडणार? मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेली दुचाकी पेटली आणि वडील व मुलगी धुराने गुदमरून मरण पावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याच राज्यात वसई येथे घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला विजेच्या दुचाकींच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये पसरला आणि आठ जणांचा जीव गेला. तिन्ही ठिकाणी वाहन किंवा बॅटरी एकीकडे आणि माणसे दुसरीकडे, अशी फारकत नव्हती. पेट्रोलच्या गाड्याही पेट घेतात, हे मला मान्य आहे. पण पेट्रोलची गाडी कोणी उशाशी घेऊन झोपत नाही.

या घटनांनंतर केंद्र सरकारने दुचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एका सेलमधील आग शेजारच्या सेलमध्ये पसरल्यास काय होते याची चाचणी, बॅटरी तापल्यास इशारा देणारी यंत्रणा, अशा गोष्टी त्यात आल्या. नव्या गाड्या त्यामुळे नक्कीच बऱ्या झाल्या आहेत. परंतु विद्यार्थ्यांच्या हातात नवी गाडी क्वचित असते. त्यांच्याकडे असते ती त्या आधीची, दोन हात फिरून आलेली, एखाद्या दुकानात सेल बदलून 'रिपेअर' केलेली. शिवाय ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपर्यंतच्या मोटारीच्या गाड्यांना नोंदणी लागत नाही, त्यामुळे गेटवरच्या रजिस्टरात लिहायला त्यांना नंबरच नसतो. आवारात अशी किती वाहने आहेत, हे मी त्या अधीक्षकांना विचारले तेव्हा त्यांना सांगता आले नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

आता माझ्या व्यवसायातला भाग. बहुतेकांचा समज असा की चार्जर फार करंट ओढतो म्हणून वायर जळते. तसे नाही. दुचाकीचा साधा चार्जर सहाशे-सातशे वॅटचा, म्हणजे तीन अँपिअरच्या आसपास करंट घेणारा असतो. मुलांची चहाची किटली त्याच्या दुप्पट करंट घेते, पण ती पाच मिनिटांत बंद होते. चार्जर मात्र चार-पाच तास अखंड चालतो. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झालेली असेल आणि तेथे केवळ अर्ध्या ओहमचा अडथळा निर्माण झाला असेल, तर तीन अँपिअरला त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत साडेचार वॅट उष्णता तयार होते आणि ती तासन्‌तास साचत राहते. आधी प्लास्टिक तपकिरी पडते, मग मऊ होते, मग पट्टी आणखी सैल होते. या सगळ्या काळात एमसीबी, म्हणजे जादा करंट वाहिला की वीज तोडणारा ब्रेकर, पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. जमिनीकडे विजेची गळती नसल्यामुळे ती पकडणाऱ्या आरसीसीबी ब्रेकरलाही त्याचा पत्ता लागत नाही. "बोर्डात ब्रेकर बसवला आहे, आता काळजी नाही" असे म्हणणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाला हे सांगावेसे वाटते. सैल सॉकेट पकडणारे खात्रीचे साधन म्हणजे महिन्यातून एकदा प्लग काढून पाहणारा माणूस.

चार्जरच्या अदलाबदलीचा धोका तर वसतिगृहात सर्वाधिक, कारण तेथे चपलांपासून चार्जरपर्यंत सगळे सामाईक असते. '६० व्होल्ट' असे दोन चार्जरांवर लिहिलेले असते आणि पिनही सारखीच बसते. पण एक पाच लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या संचासाठी बनवलेला असतो आणि तो ७३ व्होल्टच्या घरात जातो, तर ओळीने १६ सेल जोडलेला लिथियमचा संच ६७.२ व्होल्टला पूर्ण भरतो. चुकीचा चार्जर लावला की बॅटरीच्या आतले नियंत्रक सर्किट हाच एकमेव रखवालदार उरतो, आणि दुरुस्त केलेल्या बॅटरीत तो कितपत जागा आहे हे देव जाणे. चार्जरवर आणि बॅटरीवर एकाच रंगाची, एकाच क्रमांकाची पट्टी चिकटवणे हा यावरचा दोन रुपयांचा उपाय आहे.

आपल्या भागातला उन्हाळा हा आणखी एक वेगळा विषय. परभणी, नांदेडकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडखालची हवा त्याहून तापलेली असते, आणि ऊन खाऊन आलेल्या गाडीची बॅटरी त्याहूनही गरम असते. अशा बॅटरीला आल्या आल्या चार्जिंग लावू नये, अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्यावी, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेले असते आणि ते कोणी वाचत नाही. म्हणून हा निर्णय विद्यार्थ्यावर सोडू नये. चार्जिंगच्या शेडला टायमर बसवून सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते दहा एवढाच वीजपुरवठा द्यावा, दुपारी आणि मध्यरात्री तो बंदच असावा, असे माझे मत आहे. डबे पोहोचवणाऱ्या मुलाची बॅटरी सकाळच्या तासांत भरते, दूरच्या गावाहून ये-जा करणाऱ्याचीही भरते आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंगमुळे काही पेटण्याचा धोका बराच कमी होतो.

शेड कसे असावे, याबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथेच बहुतेक संस्था चुकतात. जागा वसतिगृहाच्या जिन्याखाली, तळघरात, ग्रंथालयाच्या भिंतीलगत किंवा मुख्य प्रवेशाच्या वाटेवर नसावी. चारी बाजूंनी मोकळे, वर छत, खाली फरशी किंवा कोबा आणि आजूबाजूला वाळलेले गवत नाही, अशी जागा गेटवरच्या सुरक्षारक्षकाला दिसेल इतक्या अंतरावर निवडावी. लेड-ॲसिड बॅटरीच्या जुन्या गाड्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतात, त्यांच्यासाठीही मोकळी हवाच हवी. सावलीसाठी आपल्याकडे हिरवी शेडनेट बांधण्याची पद्धत रुजली आहे. ती येथे अजिबात बांधू नये, कारण ती पेटते आणि वितळून खाली ठिबकते. पत्र्यावर वरून चुन्याचा पांढरा हात मारला तरी खालचा ताप बराच उतरतो. दोन गाड्यांमध्ये एका माणसाला मोकळेपणी चालता येईल एवढे अंतर राहावे, म्हणजे एक पेटली तर दुसरी ओढून बाजूला करता येईल.

विद्युत जोडणीचे नियम नव्याने शोधायचे नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा विनियमांत चार्जिंगसाठी तरतुदी घातल्या. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे, ३० मिलिअँपिअरची गळती-संरक्षक यंत्रणा असावी, वाहन चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत उभे राहावे आणि एक्स्टेंशन कॉर्ड वापरू नये, असे त्यात आहे. हे विनियम चार्जिंग केंद्रांसाठी आहेत, परंतु महाविद्यालयाच्या शेडने त्याहून कमी का करावे? माझ्या अनुभवाची भर एवढीच की प्रत्येक पॉइंटला १६ अँपिअरचे औद्योगिक धर्तीचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्यावी, आणि संपूर्ण शेडचा मुख्य स्विच शेडमध्ये न ठेवता सुरक्षारक्षकाच्या चौकीत लाल रंगवून ठेवावा. आग लागलेल्या जागी जाऊन वीज बंद करावी लागणे हा आपल्याकडचा जुना विनोद आहे. अर्थिंगबद्दलही लिहायलाच हवे. मुरूम आणि काळ्या पाषाणाच्या आपल्या जमिनीत पावसाळ्यात तपासलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडे पडते आणि त्याचा रोध कितीतरी वाढतो. तपासणी उन्हाळ्यात करावी आणि अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम माळ्याला नेमून द्यावे.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशेब मांडतो. २४ पॉइंटचे शेड, प्रत्येकी ७०० वॅट, म्हणजे सगळे एकदम चालले तरी सुमारे १७ किलोवॅट. तीन फेजवर वाटले तर फेजला पंचवीस अँपिअरच्या आत. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करून आणि एक सबमीटर बसवून हे भागते. एका गाडीला एका वेळी साधारण तीन युनिट लागतात. दहा-बारा रुपये युनिट धरले तर तीस-पस्तीस रुपये होतात आणि ते विद्यार्थी आनंदाने देतील. हे मी अंदाजाने लिहीत नाही. पुतण्याचा तो मित्र माझ्या बोलण्याने घाबरला आणि आता गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज चाळीस रुपये देऊन बॅटरी चार्जिंगला ठेवतो. वीज विकण्याचा परवाना संस्थेकडे नाही, ही सबबही टिकणारी नाही; वाहने चार्ज करण्याच्या सेवेला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

आग लागलीच तर काय, याचे उत्तर सुरक्षारक्षकाला आधी पाठ असले पाहिजे. भिंतीवरचा पावडरचा सिलिंडर ज्वाळा विझवतो, पण बॅटरीच्या आतली उष्णता तो काढून घेत नाही, त्यामुळे विझलेली बॅटरी तासाभराने पुन्हा पेटू शकते. वाळूचेही तेच. मुख्य स्विच बंद करणे, मुलांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला दूर नेणे, १०१ ला फोन करणे आणि अग्निशमन दल येईपर्यंत शेजारच्या गाड्यांवर लांबून भरपूर पाणी मारत राहणे, एवढेच त्याने करावे. धुमसणारी बॅटरी उचलून बाहेर फेकण्याचे शौर्य कोणी दाखवू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. या जुलैच्या तपासणीत वसतिगृहाच्या खोल्यांतील सॉकेट आणि वाहनतळ या दोन गोष्टी परवानाधारक संस्थेकडून आवर्जून पाहून घ्याव्यात. कागद तर तसाही तयार करायचाच आहे.

शेड सुरू झाल्यावर मात्र खोलीतील चार्जिंगवर कडक बंदी हवी, आणि तेव्हा मी स्वतः त्या पाटीचे समर्थन करीन. सुरुवातीचे दोन महिने दंड न घेता सापडलेली बॅटरी उचलून शेडमध्ये न्यावी आणि तिच्या मालकाला पॉइंट नेमून द्यावा. बिननंबरच्या गाड्यांना महाविद्यालयाने स्वतःचा क्रमांक आणि स्टिकर द्यावे. फुगलेली, पाण्यात बुडालेली किंवा गाडी पडून चेपलेली बॅटरी शेडमध्येही घेऊ नये. हे ठरवायला विद्युत अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक, वसतिगृह अधीक्षक आणि दोन विद्यार्थी यांची समिती पुरेशी आहे. जेथे अभियांत्रिकी शाखा नाही तेथे गावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला विचारावे. तेथील प्रशिक्षणार्थींना प्रात्यक्षिक मिळेल आणि महाविद्यालयाला मजुरी वाचेल.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला विजेच्या स्कूटरचा मोठा कारखाना उभारण्याचे ॲथर कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. तिथल्याच वाळूजला दुचाकी उद्योग रुजून तर सुमारे चाळीस वर्षे झाली. गाड्या आपल्या मराठवाड्यात बनणार आणि आपल्या मुलांना त्यांच्या बॅटऱ्या चादरीत गुंडाळून जिन्याने चोरून न्याव्या लागणार, हे दृश्य संभाजीनगरच्या काय, कोणत्याच शहराच्या महाविद्यालयाला शोभत नाही.

लातूर शहरातील आणि तालुक्यातील ज्या महाविद्यालयांना आपल्या वसतिगृहातील सॉकेट, वायरिंग आणि अर्थिंग तपासून हवे असेल, त्यांना ते मी विनामूल्य तपासून देईन. अर्थ टेस्टर माझ्याकडे आहे, फक्त शिडी धरायला एक माणूस द्यावा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवला आहे. पुतण्या अजून त्याच वसतिगृहात राहत असल्याने माझे नाव कृपया छापू नये.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री), लातूर